कुलूपबंद रकान्यांतला शोध

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 16,15,069 होती. मंडणगडापासून राजापुरापर्यंतच्या नऊ तालुक्यांतील या प्रत्येक माणसासाठी एक ओळ राखलेली नोंदवही संगणकावर ठेवली आणि तिच्यातील आधार क्रमांक, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक, बँक खाते असे नाजूक रकाने कूटबद्ध केले, तर तीत एका माणसाची नोंद सापडायला किती वेळ लागेल, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभियंत्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो सेवा केंद्राच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाशी थेट जोडलेला आहे, कारण शोध मंदावला की रांग लांबते आणि रांग लांबली की कामाचा उरक राखण्यासाठी कुलूप नसलेली एखादी दुसरी यादी हळूच तयार होते. सुरक्षित पण संथ व्यवस्थेची सुरक्षितता बहुधा अशाच वाटेने हातची जाते, आणि म्हणून या विषयात वेग हा सुरक्षिततेचाच एक भाग मानावा लागतो.

शोध वेगवान कशामुळे होतो, हे समजून घेण्यासाठी महसुली दप्तराचा दाखला पुरेसा आहे. गावचे सातबारा उतारे गट क्रमांकाच्या क्रमाने लावलेले असतात. त्यामुळे गट क्रमांक ठाऊक असेल तर उतारा लगेच हाती येतो, पण अमुक खातेदाराची गावात एकूण जमीन किती, असे कोणी विचारले तर प्रत्येक उतारा उलटून पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ही अडचण दूर करण्याचे काम गाव नमुना आठ-अ करतो, कारण त्यात तीच माहिती खातेदाराच्या अंगाने मांडलेली असते. मूळ नोंदी जिथल्या तिथे ठेवून त्यांच्याकडे जाण्याची दुसरी वाट बांधून देणे, हेच संगणकावरील डेटाबेसमध्ये इंडेक्स म्हणजे सूची करते.

या सूचीची प्रचलित रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी 1970 च्या सुमारास बोइंग कंपनीच्या संशोधन विभागात काम करताना मांडली आणि ती बी-ट्री या नावाने ओळखली जाते. झाडाच्या प्रत्येक फाट्यावर शंभर दिशा निघतात असे धरले, तर तीन फाट्यांत दहा लाख नोंदी, चार फाट्यांत दहा कोटी आणि पाच फाट्यांत हजार कोटी नोंदी आवाक्यात येतात. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यासाठी चार पावले पुरतात आणि साऱ्या देशासाठी फक्त एक पाऊल अधिक लागते. मात्र या झाडाला एक गोष्ट अनिवार्य असते, ती म्हणजे क्रम. प्रत्येक फाट्यावर हवी असलेली किंमत डावीकडे आहे की उजवीकडे, हे ठरवता आले नाही तर झाडाचा काहीच उपयोग होत नाही.

कूटबद्ध करण्याचा, म्हणजेच एन्क्रिप्शनचा, हेतू नेमका याच्या उलट आहे. आज जगभर वापरली जाणारी एईएस ही पद्धत बेल्जियमच्या योआन डामेन आणि विन्सेंट रायमेन यांनी रचली आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने ती 2001 मध्ये स्वीकारली. तिच्यातून बाहेर पडणारा मजकूर मूळ मजकुराचा कोणताही मागमूस शिल्लक ठेवत नाही. शेजारचे दोन अंक कूटबद्ध झाल्यावर एकमेकांपासून कुठल्या कुठे जाऊन पडतात. ती योग्य रीतीने वापरताना प्रत्येक वेळी एक यादृच्छिक संख्या मिसळली जाते, त्यामुळे तोच आधार क्रमांक दोनदा कूटबद्ध केला तरी दोन निराळे परिणाम मिळतात. क्रमही नाही आणि समानताही नाही, अशा रकान्यावर बांधलेली सूची म्हणजे पाने विस्कटून पुन्हा शिवलेला शब्दकोश होय. मग डेटाबेसपुढे एकच मार्ग राहतो, तो म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक किंमत उलगडून पाहणे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विलंबाचे खापर बहुधा उलगडण्याच्या गणितावर फोडले जाते, पण ते गणित स्वतः फार वेळखाऊ नाही. एईएस सोळा बाइटांच्या ठोकळ्यांवर काम करते. 16 लाख आधार क्रमांकांसाठी प्रत्येकी एक ठोकळा धरला तर सगळा मजकूर सुमारे अडीच कोटी बाइटांचा होतो, आणि आजचा साधा प्रोसेसरसुद्धा तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उलगडतो. वेळ जातो तो भोवतालच्या कामात. प्रत्येक ओळीसाठी वेगळ्या सुरक्षा उपकरणाकडे विनंती पाठवायची असेल, किंवा पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या पीजीक्रिप्टो या जोडणीत जसे परवलीच्या शब्दापासून किल्ली घडवण्याचे मुद्दाम वेळखाऊ ठेवलेले गणित प्रत्येक किमतीसाठी नव्याने करावे लागते तसे करायचे असेल, तर एका ओळीला सेकंदाचा हजारावा भाग लागतो असे धरले तरी 16,15,069 ओळींना सुमारे 1,615 सेकंद, म्हणजे जवळजवळ 27 मिनिटे लागतील. ज्या कामाला सूचीच्या आधाराने चार पावले पुरली असती, त्यासाठी ही प्रतीक्षा करावी लागते.

किल्ली कोणाजवळ आहे, यावरही बरेच काही अवलंबून असते. समजा किल्ली रत्नागिरीच्या कार्यालयातील संगणकापाशी आहे आणि माहिती दूरच्या डेटा सेंटरमध्ये आहे. सर्व्हरला स्वतः काही उलगडता येत नसल्यामुळे त्याला सगळ्याच ओळी कार्यालयाकडे पाठवाव्या लागतील. प्रत्येक ओळ दोनशे बाइटांची धरली तर एकूण मजकूर 32 कोटी बाइटांहून थोडा अधिक भरतो, आणि सेकंदाला एक कोटी बिट वाहून नेणाऱ्या जोडणीवर तो यायला चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो, तोही दुसरे कोणी ती जोडणी वापरत नसेल तर. एका माणसाच्या चौकशीसाठी अख्खा जिल्हा तारेवरून आणायचा, असा हा प्रकार होतो.

यावर पुष्कळदा सुचवला जाणारा सोपा तोडगा म्हणजे रकाने जसेच्या तसे ठेवून सगळी डिस्कच कूटबद्ध करणे. यात सूची शाबूत राहते आणि वेगात नगण्य फरक पडतो, म्हणून तो मोहक वाटतो. परंतु यामुळे संरक्षण मिळते ते डिस्क चोरीला जाण्यापासून किंवा भंगारात निघण्यापासून. डेटाबेसमध्ये रीतसर शिरलेल्या माणसाला, मग तो कर्मचारी असो वा त्याचा परवलीचा शब्द हस्तगत केलेला चोर असो, सगळे उघडेच दिसते. डिस्कचे कूटलेखन आवश्यक आहे, पण ते रकान्याच्या कुलपाची जागा घेऊ शकत नाही.

भारतात हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो आधारमुळे. आधार क्रमांकांच्या वाटपाचा आरंभ 29 सप्टेंबर 2010 रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी झाला, आणि पुढच्या काही वर्षांत बँका, शिधावाटप, शिष्यवृत्त्या, निवृत्तिवेतन अशा असंख्य नोंदवह्यांत हा बारा अंकी क्रमांक जाऊन बसला. 25 जुलै 2017 रोजी भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने परिपत्रक काढून, आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनी तो इतर नोंदींतून काढून आधार डेटा व्हॉल्ट नावाच्या स्वतंत्र तिजोरीत कूटबद्ध स्वरूपात ठेवावा, त्याच्या किल्ल्या हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल या छेडछाडीला दाद न देणाऱ्या उपकरणात ठेवाव्यात, आणि बाकी सर्व व्यवहारांत त्याच्या जागी रेफरन्स की हा एक संदर्भ क्रमांक वापरावा, असे बंधन घातले.

या रचनेकडे सहसा केवळ सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले जाते, पण तिच्यातील वेगाचा विचारही तितकाच मोलाचा आहे. संदर्भ क्रमांक आधार क्रमांकापासून ताडता येत नाही, त्यामुळे तो उघडा ठेवायला हरकत नसते आणि त्याच्यावर नेहमीची बी-ट्री सूची बांधता येते. निवृत्तिवेतनाचे बारा हप्ते, त्यांच्या तारखा, खात्यात जमा झालेली रक्कम, या सगळ्याची जुळणी संदर्भ क्रमांकावर होते; तिजोरीचे दार फक्त एकदाच, माणूस खिडकीपाशी येऊन आपला आधार क्रमांक सांगतो तेव्हा, ठोठवावे लागते. अवघड शोधांची संख्याच कमी करणे हा कोणत्याही चतुर गणितापेक्षा अधिक खात्रीचा उपाय आहे.

तरीही तो एक शोध उरतोच, आणि त्यासाठी कूटबद्ध रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवला जातो, ज्याला ब्लाइंड इंडेक्स म्हणजे आंधळी सूची म्हणतात. मूळ क्रमांकावर हॅश हे एकेरी गणित चालवून त्याचा ठरावीक लांबीचा ठसा काढला जातो. क्रमांकावरून ठसा निघतो, पण ठशावरून मागे क्रमांकाकडे येण्याची वाट नसते. एका क्रमांकाचा ठसा दर वेळी तोच निघत असल्याने ठशांच्या रकान्यावर सूची चालते. खिडकीवर सांगितलेल्या क्रमांकाचा ठसा काढायचा, तो सूचीत चार पावलांत गाठायचा आणि सापडलेली एकच ओळ उलगडायची.

मात्र ठशावरून मागे येता येत नाही हे विधान आधार क्रमांकाच्या बाबतीत अपुरे ठरते. आधार क्रमांक 0 किंवा 1 या अंकाने सुरू होत नाही, आणि त्याचा बारावा अंक डच गणितज्ञ याकोबुस व्हेरहूफ यांच्या पद्धतीनुसार आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो. म्हणजे पहिल्या अंकाला आठ पर्याय, पुढच्या दहा अंकांना प्रत्येकी दहा आणि शेवटच्याला एकच, असे मिळून संभाव्य क्रमांक आठ हजार कोटी होतात. माणसाला ही संख्या अफाट वाटते, पण सेकंदाला शंभर कोटी ठसे काढणारे यंत्र सगळे पर्याय ऐंशी सेकंदांत तपासून मोकळे होते. भारतीय मोबाइल क्रमांक 6 ते 9 या अंकांनी सुरू होत असल्यामुळे त्यांचे पर्याय अवघे चारशे कोटी आहेत, आणि त्यांना तर चारच सेकंद पुरतात. म्हणून साधा ठसा काढून क्रमांक सुरक्षित झाला असे मानणे ही घोडचूक आहे. ठसा काढताना गुप्त किल्ली मिसळणारी एचमॅक ही पद्धतच येथे वापरली पाहिजे, आणि ती किल्ली ठशांच्या रकान्यापासून दूर ठेवली पाहिजे.

किल्ली मिसळली तरी दुसरा एक धोका राहतो, आणि तो मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून शतकानुशतके गुप्त राखले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह येते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल अभ्यासकांपुढे ठेवली. अशा प्रत्येक लिपीचे मर्म एकच असते: चिन्ह बदलले तरी त्याची वारंवारता बदलत नाही. जे अक्षर भाषेत सर्वाधिक वेळा येते, त्याचे चिन्हही सर्वाधिक वेळा येणार, हे तत्त्व अरब पंडित अल-किंदी यांनी नवव्या शतकातच लिहून ठेवले होते. एका किमतीला नेहमी एकच ठसा देणारा रकाना याच दोषाचा वारसदार आहे.

रत्नागिरीच्या नोंदवहीत तालुका हा रकाना अशा रीतीने झाकला तर त्यात नऊ वेगवेगळे ठसे दिसतील, आणि जनगणनेचे आकडे जवळ असलेल्या माणसाला सर्वाधिक वेळा येणारा ठसा रत्नागिरी तालुक्याचा आणि सर्वांत कमी वेळा येणारा मंडणगडाचा, हे किल्लीला हात न लावता सांगता येईल. आधार क्रमांकाचे तसे नाही. तो एका माणसाचा एकच असल्यामुळे प्रत्येक ठसा एकदाच येतो आणि वारंवारतेतून काही निष्पन्न होत नाही. ज्या रकान्यात किमती क्वचितच पुन्हा येतात त्याला आंधळी सूची शोभते आणि ज्यात थोड्याच किमती वारंवार येतात त्याला ती घातक ठरते. एचआयव्ही चाचणीच्या निकालाच्या रकान्यात दोनच ठसे असतील. त्यांतला अल्पसंख्य कोणता, हे शेंबडे पोरही ओळखेल. लहान गावात हा धोका आणखी वाढतो, कारण तिथे अल्पसंख्य ठसा एखाददुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवतो. असा रकाना शोधण्यासाठी वापरूच नये. आधी दुसऱ्या रकान्याने ओळी मोजक्या कराव्यात आणि मग तेवढ्याच उलगडून पाहाव्यात.

जन्मतारखेचा रकाना या दोन टोकांच्या मध्ये पडतो. महाराष्ट्रात जुन्या पिढीतील असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नसे आणि गुरुजी शाळेच्या नव्या वर्षाचा मेळ बसेल अशी तारीख मांडून देत. या तारखांचे ठसे रकान्यात उंच सुळक्यांसारखे दिसतात. त्यामुळे दुहेरी नुकसान होते: गुप्तता तर विरळ होतेच, शिवाय त्या ठशाने शोध घेतला की शेकडो ओळी हाती येतात आणि त्या सगळ्या उलगडाव्या लागतात.

ठशाचा काही भागच साठवणे हा यावरचा एक मध्यममार्ग आहे. ठशाचे पहिले सोळा बिट ठेवले तर 65,536 कप्पे तयार होतात आणि 16,15,069 ओळी त्यांत समान विखुरल्या तर प्रत्येक कप्प्यात सरासरी पंचवीस ओळी येतात. एका कप्प्यात अनेक निरनिराळ्या किमती एकत्र पडत असल्यामुळे पाहणाऱ्याला नेमके काही कळत नाही. शोधणाऱ्याला मात्र एकाऐवजी पंचवीस ओळी उलगडाव्या लागतात, आणि ओळीमागे सेकंदाचा हजारावा भाग धरला तरी हा भार जाणवत नाही. मोबाइल क्रमांकासाठी ही रीत उत्तम आहे. 1 जूनचा सुळका मात्र यानेही झाकला जात नाही, कारण तोच तो ठसा कापला तरी तोच राहतो.

समानतेचा शोध असा साधतो, पण श्रावणबाळ योजनेसाठी 65 वर्षे पूर्ण झालेल्यांची यादी हवी असेल तर प्रश्न क्रमाचा होतो. 2002 मध्ये हकान हाजिग्युम्युश, बाला अय्यर, चेन ली आणि शरद मेहरोत्रा यांनी किमतींचे गट पाडून गटाची खूण तेवढी सर्व्हरला दाखवावी, थोड्या जास्त ओळी मागवाव्यात आणि किल्ली असलेल्या बाजूला नकोशा ओळी गाळाव्यात, असा मार्ग सुचवला. जन्मवर्षाचा गट केला तर फक्त सीमेवरच्या वर्षातील काही ओळी वाया जातात. दुसरा मार्ग, कूटबद्ध झाल्यावरही लहानमोठेपणाचा क्रम टिकवणाऱ्या पद्धतीचा, राकेश अग्रवाल व रामकृष्णन श्रीकांत यांच्यासह चौघांनी 2004 मध्ये मांडला. त्यात साधी बी-ट्री सूची जशीच्या तशी चालते, म्हणून वेगाच्या दृष्टीने त्याला तोड नाही. पण 2015 मध्ये मुहम्मद नवीद, सेनी कामारा आणि चार्ल्स राइट यांनी अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदी घेऊन, अशा रकान्यांतून रुग्णांची माहिती मोठ्या प्रमाणात ताडता येते हे दाखवून दिले. क्रम जपणारे कुलूप नाजूक माहितीला लावू नये, हे त्यानंतर निःशंकपणे म्हणता येते.

मराठी नोंदवहीपुढे आणखी एक अडचण उभी असते. ठसा अक्षरांच्या दिसण्यावर नव्हे, तर त्यांच्या युनिकोड क्रमांकांवर निघतो. कऱ्हाडकर या आडनावातील पाऊण 'ऱ' एका चिन्हाने लिहिता येतो, 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो, आणि न दिसणारे जोडचिन्ह घालूनही तो साधला जातो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, ठसे मात्र तीन निघतात. 'ॲ' हे अक्षर एकसंध टंकलेले आणि 'अ' वर चंद्र देऊन टंकलेले, यांचीही हीच गत. चिपळूण की चिपळुण, सावंत की सावन्त, रोमन लिपीत तर आणखी रूपे. उघड्या रकान्यात जवळपास जुळणारे नाव शोधता येते, पण ठशांच्या जगात जवळपास ही कल्पनाच नाही. कारकुनाला नोंद सापडली नाही, तर तो माणूस यादीत नाही असे समजून नवी ओळ टाकली जाते किंवा त्याला परत पाठवले जाते. म्हणून ठसा काढण्याआधी नाव एका ठरावीक रूपात आणण्याचे नियम मराठी भाषेच्या जाणकारांनी बसून ठरवायला हवेत. हे काम केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवण्याजोगे नाही.

संशोधन अर्थातच येथे थांबलेले नाही. कूटबद्ध मजकुरात शोध घेण्याची पहिली व्यवहार्य पद्धत सॉंग, वॅग्नर आणि पेरिग यांनी 2000 मध्ये मांडली, पण तीत सगळा मजकूर चाळावा लागे. 2011 मध्ये एमआयटीच्या क्रिप्टडीबी या प्रणालीने एकाच किमतीवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे अनेक कूटस्तर चढवून, प्रश्नाला हवा तेवढाच स्तर सोलण्याची कल्पना राबवली. प्रमाणित चाचणीत कामाचा उरक 26 टक्क्यांनीच घटला. मायक्रोसॉफ्टने 2016 पासून, तर मोंगोडीबीने 2023 पासून आपापल्या डेटाबेसमध्ये कूटबद्ध रकान्यांवरील शोधाची सोय दिली. क्रेग जेंट्री यांनी 2009 मध्ये दाखवलेल्या पद्धतीने तर न उलगडताच कोणतेही गणित करता येते, परंतु ती आजही उघड्या गणिताच्या कित्येक पटींनी संथ असल्याने 16 लाख ओळींच्या रोजच्या चौकशीला उपयोगी पडत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि वाजवी सुरक्षा उपाय न योजणाऱ्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आता सहकारी पतसंस्थांपासून रुग्णालयांपर्यंत अनेकांना आपले रकाने झाकावे लागणार आहेत. त्यांनी कुलूप निवडण्याआधी, प्रत्येक रकान्याला रोज कोणते प्रश्न विचारले जातात याची यादी करणे अगत्याचे आहे. कारण समानतेसाठी, क्रमासाठी आणि नुसते पाहण्यासाठी लागणारी कुलुपे निरनिराळी आहेत, आणि नोंदी भरून झाल्यावर कुलूप बदलणे सोपे नसते. आंधळ्या सूचीची किल्ली फुटली किंवा मुदत संपल्यावर बदलायची झाली, तर प्रत्येक ओळ उलगडून तिचा नवा ठसा काढावा लागतो. ओळीमागे तोच सेकंदाचा हजारावा भाग धरला तर रत्नागिरी जिल्ह्याचे काम 27 मिनिटांत आटोपते, पण 130 कोटी नोंदींना पंधरा दिवस लागतात. आणि जुन्या-नव्या ठशांचे दोन्ही रकाने शेजारी ठेवून, काम पुरे होईपर्यंत खिडकीवरचा प्रत्येक शोध दोन्हींत घ्यावा लागतो.